आईकडून लेकीकडे आलेली कावीळ

पोटात बाळ नसतं तर मला हे कधी कळलंच नसतं. मला काहीच होत नव्हतं. भूक लागत होती, झोप लागत होती. पुरानी बस्तीतल्या शाळेत सकाळभर उभी राहून मी पोरांना संस्कृत शिकवत होते आणि दुपारी तात्यापाऱ्यात घरी येऊन रोजच्यापेक्षा जास्तच जेवत होते. चौथा महिना लागला तेव्हा, जिथे नाव घातलं होतं त्या डॉक्टरबाईंनी सगळ्यांना सांगतात तशाच रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि आणखी काहीबाही. मी रिपोर्ट उघडूनसुद्धा बघितला नव्हता.

बाईंनी तो वाचला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आपको कभी पीलिया हुआ था?"

रायपूरच्या जुन्या भागात वाढलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे तुला कधी सर्दी झाली होती का, असं विचारणं. ऊन तापायला लागलं की कुठल्या ना कुठल्या गल्लीत नळाच्या पाण्याला वास यायला लागतो. नालीतून गेलेला एखादा जुना पाइप कुठेतरी चिरलेला असतो. मग महिन्याभरात त्या गल्लीतली पोरं पिवळ्या डोळ्यांनी अंथरुणात पडलेली दिसतात. मी पाचवीत असताना मलाही झाली होती. आई मला एका म्हातारीकडे घेऊन गेली होती. ती हाताला काहीतरी चोळायची आणि चुन्याच्या पाण्यानं धुवायची. पाणी पिवळंधमक व्हायचं आणि कावीळ निघाली असं सगळ्यांना वाटायचं. घरी उसाचा रस, उकडलेला भात, आणि नुसतं पडून राहायचं. काही आठवड्यांनी मी शाळेत गेले.

"हुआ था," मी म्हटलं. "बचपन में. ठीक हो गया था."

"वो नहीं," बाई म्हणाल्या. "वो पानी वाला था. आता है, चला जाता है. ये दूसरा है. हेपेटाइटिस बी. ये गया नहीं है, अभी भी आपके खून में है."

माझे डोळे पांढरे होते, नखं गुलाबी होती. बाईंनी घाबरू नका असं सांगितलं, आणि लगेच सरकारी दवाखान्यातल्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. ही दोन वाक्यं एकामागून एक आली की पहिलं ऐकूच येत नाही.

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान आहे. त्याच्या घरचे लोक भोसल्यांच्या काळापासून रायपुरात आहेत. त्याला मराठी सगळी कळते, पण बोलायचं झालं की हिंदीच तोंडात येते. मी दुकानात जाऊन त्याला सांगितलं तेव्हा तो एका फ्रेमचा स्क्रू घट्ट करत होता. त्यानं हातातलं काम खाली ठेवलं.

"लगा कहाँ से ये?" त्यानं विचारलं.

मलाही तेच विचारायचं होतं, पण विचारायचं कोणाला? आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्या बघण्यात जे काही होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मग तोच म्हणाला, "चलो, मैं भी जाँच करवा लेता हूँ. अकेली काहे जाओगी."

त्याच्या रक्तात काही निघालं नाही. त्याला लस घ्यायला सांगितली. आणि माझ्यासाठी आम्ही दोघं त्या लिव्हरच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसलो.

त्या माझ्याच वयाच्या होत्या. लांब वेणी, पायात साध्या चपला, बोलण्यात छत्तीसगढी हेल. बाहेर एवढी गर्दी होती की आता आपल्याला दोन मिनिटांत वाटेला लावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी आपला पंजा उजव्या बरगड्यांखाली ठेवला आणि म्हणाल्या, "लिव्हर यहाँ रहता है. बहुत सीधा अंग है. तकलीफ में भी चुप रहता है, इसी से गड़बड़ होती है."

यकृत् हा शब्द मला रूपांसकट पाठ होता. तकारान्त, नपुंसकलिंगी. पण ते यकृत माझ्या बरगडीखाली बसून रात्रंदिवस काय करत असतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आपण खातो त्यातलं विष ते वेगळं करतं, साखर साठवून ठेवतं, जखम झाली तर रक्त थांबवणारी द्रव्यं बनवतं. त्याचा मोठा तुकडा कापून काढला तरी उरलेलं पुन्हा वाढतं. मी आपोआप माझ्या बरगडीवर हात ठेवला. आत एक हलणारं बाळ होतं आणि त्याच्या वर हा न बोलणारा गडी. हा तर माझ्या जन्मापासून माझ्यासाठी राबत होता.

डॉक्टरांनी मग काविळीचं सांगितलं. काविळीचे विषाणू एका नावाखाली येतात, पण ते एकमेकांचे भाऊ नाहीत. ए आणि ई हे घाण पाण्यातून, उघड्यावरच्या अन्नातून तोंडावाटे जातात. बहुतेक माणसं त्यातून आपोआप बरी होतात. त्यांना औषधापेक्षा विश्रांती, पाणी आणि साधं जेवण लागतं. फक्त गरोदर बाईला ई झाला तर तो जिवावर बेतू शकतो. म्हणून त्यांनी मला पाणी उकळूनच प्यायची सक्त ताकीद दिली. बी आणि सी मात्र रक्तातून जातात. न उकळलेल्या सुईतून, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून, न तपासलेल्या रक्तातून, शरीरसंबंधातून. सीसाठी आता अशा गोळ्या आहेत की काही महिन्यांत तो रक्तातून पार पुसून जातो. बी पुसला जात नाही, पण त्याला दाबून ठेवता येतं.

"और बी का एक रास्ता और है," त्या म्हणाल्या. "माँ से बच्चे को. पैदा होते समय."

मी नवऱ्याकडे बघितलं.

"बड़े आदमी को लगे तो ज़्यादातर लोग लड़कर निकाल देते हैं," त्या पुढे म्हणाल्या. "पर नया बच्चा लड़ना जानता ही नहीं. उसका शरीर अभी सीख रहा है कि कौन अपना, कौन पराया. उस समय जो अंदर आ गया, उसको वो घर का ही समझ लेता है. फिर वो रह जाता है. तीस साल, चालीस साल. कोई आवाज़ नहीं." मग त्यांनी विचारलं, "आपकी माताजी हैं? उनकी कभी जाँच हुई है?"

मी त्या खुर्चीत बसून राहिले आणि माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हता तो, निदान नुसता भीतीचा नव्हता. मी जन्मले, पहिला श्वास घेतला, त्या क्षणी एक परकं काहीतरी माझ्यात आलं, आणि माझ्या त्या इवल्याशा, काहीच न कळणाऱ्या शरीरानं त्याला आपलं म्हटलं. ते माझ्याबरोबर रांगलं, शाळेत गेलं, लग्नाच्या बोहल्यावर माझ्याबरोबर उभं राहिलं. आणि मला एकदाही जाणवलं नाही.

आई बूढ़ापाऱ्यात राहते. वडील रेल्वेत होते. अमरावतीकडून बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. ते गेल्यापासून आई एकटीच असते, पण तिला एकटी म्हणणं अवघड आहे. सकाळपासून शेजारणी येऊन-जाऊन असतात. मी गेले तेव्हा ती ओसरीत वाटाणे सोलत होती.

मी सगळं सांगितलं. तिनं शेंगा बाजूला सारल्या.

"मले काय झालं? मी त ठणठणीत आहो," ती म्हणाली. "या वयातही दोन बादल्या पाणी उचलतो मी."

"मीही ठणठणीतच आहे ना आई. तरी निघालं."

"मंग काहून तपासून राहिले सारे?"

"बाळासाठी," मी म्हटलं.

त्या शब्दावर ती दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आली. नाहीतर तिनं आयुष्यात रक्त तपासायला दंड पुढे केला नसता. चार दिवसांनी आम्ही पुन्हा त्या डॉक्टरांसमोर होतो. आईच्या रक्तातही तेच होतं.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे मीच देल्लं तुले."

डॉक्टरांना मराठी येत नव्हती, पण ते वाक्य त्यांना कळलं. त्या उठून टेबलाला वळसा घालून आल्या आणि आईच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. "अम्मा, आपको भी तो किसी ने दिया होगा," त्या म्हणाल्या. "आपने माँगा था क्या?"

आई तेव्हा जे बोलली ते मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. माझी आजी मी पाहिली नाही, आईच्या लग्नाआधीच ती गेली. मला एवढंच माहीत होतं की ती आजारी होती. आई म्हणाली, "माझी आई पोट फुगून गेली. हातपाय काड्यांसारखे आन् पोट हे एवढं. डोळे पिवळे. गावातले म्हणत, कोणी त करनी केली. माझा बाप पार थकला देवऋषी आणून आणून." ती हिंदीत सांगायचं विसरली होती. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "हो सकता है वही हो," त्या म्हणाल्या. "अब कोई पक्का नहीं कह सकता. पर हो सकता है."

आजीची नथ आईकडे आली, आईचं कपाळ माझ्याकडे आलं, आणि त्याच वाटेनं हेही आलं असावं. कोणालाही न कळता, कोणाचाही दोष नसताना. त्या लहानशा खोलीत मी, आई आणि माझ्या पोटातलं बाळ अशा तीन पिढ्या होतो. चौथी, जिला कोणी बघू शकत नव्हतं, तीही जणू येऊन उभी राहिली होती. मला कसलाच राग आला नाही. एवढं लांबचं आपल्या शरीरात चालत आलेलं असतं, याचंच नवल वाटत राहिलं.

आईची सोनोग्राफी झाली, लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी झाली. त्यात दिसलं की तिच्या लिव्हरवर वण धरायला लागले होते. अजून उशीर झालेला नव्हता. पण आणखी काही वर्षं असंच चाललं असतं तर झाला असता, असं डॉक्टर म्हणाल्या. आईला रोजची एक गोळी सुरू झाली, बहुतेक जन्मभराची.

घरी येताना रिक्षात आई माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "हे पोट्टं अजून जगात आलं नाही, आन् मले दवाखान्यात घिऊन आलं."

सासूबाईंना सांगणं त्याहून अवघड गेलं. त्या वाईट नाहीत. पण पीलिया हा शब्द ऐकला आणि संध्याकाळपर्यंत माझं ताट, वाटी, ग्लास वेगळे झाले. कोणी काही बोललं नाही. नुसती जागा बदलली त्यांची, मांडणीच्या खालच्या कप्प्यात. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठूनशी काड्यांची माळ आणली. गळ्यात घालायची, आणि ती लांब लांब होत गेली की कावीळ उतरते, असं म्हणतात.

नवऱ्यानं ती माळ बघितली. "माँ, तुम चलो हमारे साथ," तो म्हणाला. "जो पूछना है, डॉक्टर से पूछ लो."

मला वाटलं नव्हतं, पण त्या आल्या. चांगली साडी नेसून आल्या. डॉक्टरांना त्यांनी सरळच विचारलं, "हमारे घर में एक ही लोटा चलता है. सबको हो जाएगा क्या?"

"नहीं होगा," डॉक्टर म्हणाल्या. "साथ खाने से नहीं, पानी पीने से नहीं, गले लगने से नहीं, खाँसने से नहीं. खून से होता है. इनका टूथब्रश, ब्लेड, नेलकटर अलग रखिए, बस. और आप सब टीका लगवा लीजिए, फिर चिंता ही खतम."

सासूबाईंनी जरा विचार केला. "और रसोई? बहू रोटी बनाए तो?"

"खूब बनाए. आप बना के खिलाइए तो और अच्छा."

सासूबाई हसल्या. घरी आल्यावर त्यांनी माझं ताट खालच्या कप्प्यातून उचललं, घासलं, आणि बाकीच्या ताटांत मिसळून टाकलं. माळ कुठे गेली मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी लस टोचून घेतली. माझी नणंद बिलासपूरहून फोनवर बोलत होती, तेव्हा त्या तिला सुनावत असलेल्या ऐकू आल्या, "अगं, पानीवाला वेगळा, खूनवाला वेगळा. इतकं पण नाही माहीत तुला?"

माझ्या रक्तातल्या विषाणूंची मोजणी केली तेव्हा आकडा कोटींच्या घरात आला. एवढे सोबती घेऊन मी रोज शाळेत जात होते! एवढे असतील तर नुसत्या लसीवर भागत नाही, म्हणून शेवटचे तीन महिने मलाही रोज एक गोळी दिली. बाळाला त्रास देत नाही अशी ती गोळी. पांढरी, लहान, डोकेदुखीच्या गोळीसारखीच दिसणारी. बाळंतपणाआधी पुन्हा मोजलं तेव्हा कोटींचे काही शे उरले होते. मी विचारलं, बाकीचे कुठे गेले? डॉक्टर म्हणाल्या, गोळी त्यांना मारत नाही, त्यांची नक्कल करणं थांबवते. ते आपल्या पेशीत बसून सतत स्वतःच्या प्रती काढत असतात. गोळी त्यातलं एक अक्षर चुकवते आणि प्रत अर्धवट राहते. व्याकरण शिकवणाऱ्या बाईला हे फार भावलं.

मुलगी झाली. सकाळी, शाळेची पहिली घंटा होते त्या सुमारास. ती रडली, मी रडले, आणि तिला पुसून गुंडाळून होते न होते तोच सिस्टर दोन इंजेक्शनं घेऊन आल्या. त्याबद्दल मला आधीच सगळं समजावलं होतं. एका मांडीवर लस, जी तिच्या शरीराला हळूहळू लढायला शिकवणार. दुसऱ्या मांडीवर दुसऱ्या कोणाच्या तरी रक्तातून काढलेली तयार प्रतिद्रव्यं, ती शिकेपर्यंत तिच्या वतीनं लढणारी. हे जन्मल्याबरोबर, होईल तितक्या लवकर द्यावं लागतं. उशीर झाला तर दार बंद होतं.

"इधर देखो मत," सिस्टर म्हणाल्या.

पण मी बघितलं. माझ्या अंगठ्याएवढी मांडी. सुई गेली, ती किंचाळली. मग दुसरी मांडी. पुन्हा किंचाळली. एवढंच. सिस्टरनी कापूस दाबला आणि तिला माझ्याजवळ दिलं. पिढ्यान्‌पिढ्या आईकडून लेकीकडे जे येत राहिलं असेल, ते थांबवायला एवढंच लागत होतं. माझ्या आजीच्या वेळी हे नव्हतं. आईच्या वेळी कुठेतरी शोध लागत असेल, पण अमरावतीकडच्या खेड्यात कोणाला माहीत? माझ्या वेळीही बूढ़ापाऱ्यापर्यंत पोचलं नव्हतं. आणि आता ते आलं होतं, एका ट्रेमध्ये, कापसाच्या बोळ्याशेजारी. कोणीतरी कुठेतरी वर्षानुवर्षं बसून हे शोधलं. कोणा अनोळखी माणसानं आपलं रक्त दिलं. ते थंड पेटीतून रायपूरपर्यंत आणलं गेलं. का, तर माझ्या लेकीसाठी, जिचं अजून नावही ठेवलं नव्हतं. मी हात जोडले. सिस्टरना वाटलं मी त्यांना जोडले. त्यांनाही जोडलेच होते.

"दूध पाजलं त चालते ना हिले?" आईनं सिस्टरना घाईनं विचारलं. तिला हीच एक काळजी लागून राहिली होती.

"हव, काबर नइ?" हो, का नाही, असं सिस्टर छत्तीसगढीत हसून म्हणाल्या. "पिलाओ, पिलाओ."

पुढच्या लसी ठरलेल्या वेळी झाल्या. पण खरं काय झालं ते लगेच कळत नाही. ती वर्षाची होऊन गेल्यावरच तपासायचं असतं, कारण त्याआधी आईची म्हणजे माझी प्रतिद्रव्यं, बाहेरून दिलेली प्रतिद्रव्यं, सगळी तिच्या रक्तात मिसळलेली असतात. त्या वर्षभरात ती पालथी पडली, बसली, माझ्या आईला 'आया' म्हणायला लागली. मी तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग रोज बघायचे. त्याचा काही उपयोग नाही हे माहीत असूनही.

तपासणीचं उत्तर ऐकायला आम्ही सगळेच गेलो. नवरा, मी, आई, सासूबाई, आणि मांडीवर ती. डॉक्टरांनी आधी वाचलं आणि मग वर बघितलं.

"नहीं है," त्या म्हणाल्या. "और जो टीका लगा था, उससे इसके शरीर ने खुद बचाव बना लिया है. अच्छा बनाया है."

सासूबाईंनी डॉक्टरांच्या टेबलावर हात टेकून विचारलं, "और इसके बच्चे होंगे, उनको?"

"इससे आगे नहीं जाएगा, अम्मा. यहीं तक था."

आईनं नातीला माझ्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. मी मागून गेले तर ती तिची पाठ थोपटत होती, पोरगी झोपलेली नव्हती तरी. माझी चाहूल लागल्यावर म्हणाली, "इतकं सोपं होतं होय वं." आणि पुन्हा थोपटायला लागली.

बाळंतपणानंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून माझी गोळी थांबली. मी दर सहा महिन्यांनी तपासून घेते. माझा तो जुना सोबती अजून आत आहे, शांत. आईची गोळी चालू आहे. तिच्या लिव्हरचा कडकपणा गेल्या खेपेला आधीपेक्षा कमी निघाला. वण धरलेलं अंगही आतून हळूहळू स्वतःला नीट करतं, हे ऐकून आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

मागच्या रविवारी बूढ़ा तालाबाशेजारच्या बागेत पोरगी धावता धावता फरशीवर आपटली. गुडघा खरचटला. मी धावत गेले. रक्ताचा एक थेंब वर आला होता, लालभडक, उन्हात चमकणारा. ती रडायचं सोडून त्याच्याकडे बघत होती. तिनं आपलं रक्त पहिल्यांदाच पाहिलं होतं. मीही बघत बसले. माझं बोट कापलं तर मी आधी ते रक्त कोणाला लागणार नाही ना ते बघते. तिच्या थेंबाकडे बघताना तसं काही मनात आलं नाही. मी पदरानं तो टिपला, आणि ती उठून पुन्हा झोपाळ्याकडे पळाली.